भंतेंना विचारून सांग

आटपाडी
ता. ८ ऑक्टोबर १९९५

भंते, जय भीम.

धाकट्या भावाला 'भंते' आणि 'तुम्ही' लिहिताना हात अडखळतो. पण साताऱ्याच्या विहारात तुमची पत्रं आधी दुसरं कोणी उघडत असेल, म्हणून रीत पाळतो. दोन वर्षं आपलं बोलणं नाही. बँकेची नोकरी सोडून, चीवर घालून तुम्ही पहिल्यांदा वस्तीवर आलात, आईनं तुमच्यापुढं डोकं टेकवलं आणि मी सगळ्यांदेखत बोललो, की पोटच्या पोराच्या पाया पडायला लावणारा धम्म मला समजत नाही. तुम्ही भिक्षापात्र उचलून सरळ एस.टी. गाठलीत. त्याची माफी मागायला मी बसलेलो नाही. मला आजही तसंच वाटतं. आई मात्र त्या दिवसापासून मलाच बोलते. म्हणते, "मी पोराच्या न्हाई, चीवराच्या पाया पडले. तुला त्यातलं काय कळतंय?"

इकडं पाऊस झाला नाही. मटकीसुद्धा वाळून गेली. पेपरात वाचलं, ओझोनच्या थराला भोक पडलंय आणि पृथ्वी तापत चाललीय. फ्रिज आणि एसीमुळं म्हणे. आमच्या सगळ्या वस्तीत फ्रिज नाही. भोक पाडणारे वेगळे आणि ऊन खाणारे आम्ही, हा जुनाच हिशेब आहे. गेल्या महिन्यात गणपती दूध प्याले ते तुमच्याही कानावर आलं असेल. माझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानासमोर रांग लागली होती. मी ओरडून सांगत होतो, भरलेला चमचा दगडाला टेकवला की दूध दगडावरून खालीच जाणार, त्याला देव लागत नाही. कोणी ऐकलं नाही. त्या दिवशी टँकर आला नव्हता आणि ओढ्याच्या कडेची जनावरं माना टाकून उभी होती.

वस्तीवर बोअर मारायचं ठरतंय, माझ्याच पुढाकारानं. वस्तीतले म्हातारे नानासो म्हणत होते, नारळ हातावर घेऊन पाणी दाखवणारा माणूस आणू. या वयात त्यांना काय समजावणार? छप्पन साली देव सोडले, पण नारळ सुटत नाही. मी सांगलीहून मशीनवाला आणतोय. तो जमिनीत करंट सोडतो आणि पाणी कुठं आहे ते काट्यावर दिसतं. विज्ञानावर विश्वास ठेवावा, असं माझं मत आहे. तुमच्या विहारातही विजेची कामं करताना अर्थिंग नीट करून घ्या. पावसाळ्यात भिंतीला हात लावून ध्यान करत असाल तर विशेष.

आई बरी आहे. जेवण थोडं कमी झालंय.

थोडं म्हणजे, दोन भाकरीची बाई चतकोरावर आलीय. पोटात उजव्या बाजूला हाताला गोळा लागतो. मिरजेला दाखवणार आहे. एकदा येऊन जा.

तुमचा,
धोंडिराम


आटपाडी
ता. २१ जानेवारी १९९६

भंते, जय भीम.

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळी अनित्यावर, एक ओळ आईला मंगल मैत्री, आणि शेवटी, विहाराची मोटार नुसती घूं घूं करते, फिरत नाही, काय करावं. आधी मोटारीचं सांगतो, कारण त्याला उत्तर आहे. कपॅसिटर गेलाय. नवा टाका. तोपर्यंत बटण दाबून धरू नका, वाइंडिंग जळेल.

आईला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत बघितलं आणि परत शिवून टाकलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, घरी न्या, खायला मागतील ते द्या. ती काही मागत नाही. गाठ काढली असं मी तिला सांगितलंय. तिनं ते ऐकून घेतलं. माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून तिला सगळं कळलंय असं वाटतं.

तुम्ही लिहिलंत, सर्व संस्कार अनित्य आहेत. मान्य. माझ्या दुकानात रोज अनित्य येतं, जळका वास मारत. पण मला एक सांगा. बुद्धांनी घर सोडलं ते माणसाच्या दुःखावर उपाय शोधायला सोडलं, हे मला पटतं. उपाय सापडल्यावर ते घरच्यांना भेटायला परत आले, हेही आपल्याला लहानपणापासून सांगितलंय. तुम्ही फक्त पहिला भाग का धरलात? साताऱ्याहून आटपाडी काही समुद्रापलीकडं नाही. तुमच्या बँकेत आता कॉम्प्युटर बसवलाय असं ऐकलं. त्याला तृष्णा नाही, राग नाही, आई नाही. तुमच्या आधी तोच अर्हत होईल.

हे जास्त झालं. पण खोडत नाही.

बोअरला पाणी लागलं. पाण्याचा फवारा घरांच्या वर गेला, बायका न्हाऊन निघाल्या, नानासोंनीही माझ्या पाठीवर हात ठेवला. मशीननं दाखवलेली जागा आपल्या वस्तीच्या विहिरीपासून अगदी जवळ होती, आपल्या दारातून दिसते. मी मोटार बसवली, नळ काढला. आईला मात्र बोअरचं कौतुक नाही. रोज सकाळी तुमच्या वहिनीला, सुलाला विचारते, "हिरीत पाणी किती हाय गं?" सुला म्हणते, "आवं आत्या, आता नळ हाय की, हिरीचं काय करायचंय?" त्यावर आई भिंतीकडं तोंड करून झोपते. आजारपणात माणूस हट्टी होतो, असं मी समजतो.

तुम्ही या. मी तोंडातून शब्द काढणार नाही.

धोंडिराम


आटपाडी
ता. १७ एप्रिल १९९६

मिलिंद,

आता रीत सोडतो. कोणाला वाचायचं ते वाचू दे.

विहीर आटली. बोअर सुरू झाल्यापासून पाणी खाली खाली जात होतं, आणि जयंतीच्या आधी तळ उघडा पडला. बोअरनं विहिरीचंच पाणी ओढलं, हे नानासो पहिल्या महिन्यातच म्हणाले होते आणि मी त्यांना झिडकारलं होतं. जयंती झाल्यावर पोरांनी गाळ काढायला घेतला, तर गाळात दगड लागायला लागले. शेंदराचे दगड. एकाला डोळे बसवलेले. पितळेचा एक हात. आपल्या आज्यानं आणि सगळ्या वस्तीनं छप्पन साली पाट्या भरभरून जे देव विहिरीत टाकले, ते चाळीस वर्षांनी वर आले. गावातली माणसं बघायला आली. एक जण म्हणाला, "द्येव म्हंजे द्येवच. तुमी टाकलं तरी गेलं का?" आपली पोरं घण घेऊन धावली. मी मध्ये पडलो. म्हटलं, दगड आहेत, पायरीला वापरा आणि विषय संपवा.

घरी येऊन आईला हे हसत हसत सांगितलं. ती उठून बसली. कित्येक दिवसांत आपणहून उठली नव्हती. म्हणाली, "धोंडबा, टाक घावला का बघ. चांदीचा. अंगठ्याएवढा."

मी म्हटलं, "आता तुला देवाचा टाक कशाला?"

"द्येवाचा न्हाई," म्हणाली. "माझ्या लेकीचा हाय."

मिलिंद, आपल्याला एक बहीण होती. माझ्या आधीची. रांगायला लागली आणि तापानं गेली. आईच्या आईनं आटपाडीच्या सोनाराकडून चांदीच्या पत्र्यावर त्या पोरीचा ठसा करून घेतला होता, त्या वेळी गेलेल्या माणसाचा टाक करायची चाल होती. तो देवांच्या पाटीत ठेवला होता. आज्यानं सगळी पाटी उचलली आणि विहिरीवर नेली. आई सांगत होती, "द्येव गेलं त्येचं मला काय बी वाटलं न्हाई. बाबासाहेबांनी सांगितलं, म्हंजे ते बराबरच. पण त्यात माझं तान्हं हुतं. मामंजींम्होरं माझं त्वांड उघडलं न्हाई. पाटी पालथी केली तवा मी पदराची टोकं चावत हुते." तेव्हा तिचं वय किती, अठराच्या आसपास. त्यानंतर तिनं बावीस प्रतिज्ञा घेतल्या, एकही मोडली नाही, हे तू आणि मी बघितलंय. मला देवी आल्या तेव्हा शेजारणी म्हणत होत्या, निदान एक लिंबू उतरून टाक. तिनं टाकलं नाही. आणि इतकी वर्षं त्या विहिरीचं पाणी शेंदताना तिनं कोणाला काही सांगितलं नाही. बापालाही नाही.

मी विहिरीत उतरलो. गाळ चाळणीतून धुतला. दोन दिवसांनी टाक सापडला. काळा पडलाय, कडा झिजल्यात, पण मधे गुडघ्यावर बसलेलं बाळ दिसतं. चिंचेनं घासून आईपुढं धरला. तिनं बघितलं, कितीतरी वेळ बघितलं, आणि दोन्ही हात गोधडीखाली घातले.

मी म्हटलं, "घे की."

"न्हाई," म्हणाली. "मी शब्द दिलाय. आता ह्यो द्येव हाय का माझं लेकरू हाय, ते मला कळंना झालंय. भंतेस्नी इचारून सांग."

"कोण बघतंय इथं?"

"मी बघतीया न्हवं."

म्हटलं, मीच सांगतो, घे. तर म्हणाली, "तू मोटारी दुरुस्त करतोस, बाबा. ह्ये तुझं काम न्हाई." नानासोंना बोलावलं. ते म्हणाले, "बनाबाई, घ्या. कोन काय म्हनत न्हाई." त्यांनाही तिनं तेच सांगितलं. ती फक्त भंतेंचं ऐकेल. भंते म्हणजे तू. तिच्या लेखी सातारा, सांगली मिळून दुसरा भंते नाही.

धर्म, तत्त्वज्ञान यावर माझी मतं मी तुला बरीच ऐकवली. आज एकच मत आहे. ते देव नाही. लेकरू आहे. तू यायला तयार नसशील तर येऊ नकोस. 'घे' एवढं लिही. एका अक्षराचं काम आहे.

तिच्या अंगात आता फारसं काही राहिलेलं नाही. लवकर लिही.

धोंडिराम


आटपाडी
ता. २ मे १९९६

मिलिंद,

उत्तर नाही. विहाराजवळच्या पेपरवाल्याकडं फोन आहे असं कळलं, म्हणून एस.टी.डी. बूथवरून लावला. तो म्हणाला, भंते धम्मप्रचाराला कोरेगाव, वाईकडं गेलेत, आल्यावर सांगतो. बूथमध्ये आकडे लाल रंगात पळत होते आणि मी त्या अनोळखी माणसाला माझ्या आईचं दुखणं सांगत उभा होतो. कुठूनही कुठंही बोलता येतं, ही चांगली सोय झाली आहे. फक्त पलीकडं पाहिजे तो माणूस असायला हवा.

बोअरही आटलं. मी मोटार वर काढली, दुकानात आणून ठेवली. भोकाच्या तोंडावर फरशी ठेवलीय, पोरं खेळतात म्हणून. वस्तीत माझ्याशी कोणी वाकडं बोलत नाही, हेच जास्त लागतं. बायका पुन्हा घागरी घेऊन टँकरच्या मागं पळतात आणि मला बघून रस्ता बदलतात. खाली कृष्णेच्या काठाला उसाला पाटानं पाणी सोडतात, तिथं पाणी जास्त होऊन जमिनी खारट झाल्या असं म्हणतात. इथं प्यायला नाही. हवामान बदललंय असं रेडिओवर सांगतात. माणसानं काय बदलायचं, ते कोणी सांगत नाही. मला विचारशील तर माझ्याकडंही सल्ला उरलेला नाही.

टाक मी खिशात घेऊन फिरतो. ती रोज विचारते, "आलं का पत्र भंतेंचं?" मी नाही म्हणतो. ती म्हणते, "कामात असत्याल." तुझी बाजू ती अशी घेते, आणि मला तिथं बसवत नाही.

लिही. पाया पडायला सांगत असशील तर तेही करतो.

धोंडिराम


आटपाडी
ता. ९ जून १९९६

मिलिंद,

परवा आईच्या पुण्यानुमोदनाला तू आलास. वंदना झाली, तू धम्मदेसना दिलीस, आईच्या शीलाबद्दल चांगलं बोललास. सगळ्यांबरोबर मीही तुझ्यापुढं वाकलो. तुला वाटलं असेल, भाऊ वळणावर आला. मला तुझ्या तोंडाकडं बघता येत नव्हतं, म्हणून वाकलो. माणसांत बोललो नाही ते आता लिहितो.

तुझं पत्र मेच्या मध्याला दुकानाच्या पत्त्यावर आलं. दोन पानं, बँकेतल्यासारखं स्वच्छ अक्षर. उशीर का झाला ते लिहिलं होतंस. तृष्णा, आसक्ती, दुःखाचं मूळ, सगळं नीट मांडलं होतंस. आणि शेवटी, टाक हा देवपूजेचाच भाग असल्यामुळं आईनं तो हातात घेऊ नये, मन त्यातून सोडवावं, असं तुझं मत होतं. खाली मंगल मैत्री.

मी ते दुकानात वाचलं आणि दिवसभर कामाला हात लागला नाही. संध्याकाळी घरी गेलो. सुला दारातच उभी होती. माझं तोंड बघून तिला कळलं. म्हणाली, "काय बी लिव्हलेलं असू द्या, घे म्हनून सांगा. त्यास्नी कुठं वाचाय येतंय." मी होकाराची मान हलवली. आत जाताना माझ्याही मनात तेच होतं, असं आज मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

आत गेलो, आईच्या उशाशी बसलो आणि तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जसंच्या तसं वाचलं.

मुसावादाचं शील मोडेल म्हणून नाही. गिऱ्हाइकाशी मी रोज खोटं बोलतो. मला वाटलं, ही ऐकेल आणि तुझ्यावर चिडेल. अडीच वर्षं मी त्याची वाट बघत होतो. मी तिची औषधं आणत होतो, तिला उचलून मोरीत नेत होतो, आणि ती तुझं नाव घेत होती. एकदा तरी तिनं म्हणावं, असला कसला ह्यो माझा पोरगा. मग माझ्याकडं हात करावा आणि म्हणावं, दे इकडं तो टाक, मला न्हाई कोणाचं ऐकायचं. टाक माझ्या खिशात तयार होता. मी तो चिमटीत धरूनच वाचत होतो.

ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "शेवटचं परत एकदा वाच."

मी वाचलं.

मग तिनं हात जोडले, साताऱ्याची दिशा तिला ठाऊक नाही, दाराकडं जोडले. म्हणाली, "बराबर हाय त्येंचं. शिकल्यालं हाईत. माझंच चुकत हुतं." थोड्या वेळानं म्हणाली, "हिरीत नगं टाकूस, धोंडबा. हीर परत आटंल आन माझा जीव परत घुटमळंल. त्या बोअरमधी सोड. तितनं काय वर येत न्हाई."

मी म्हटलं, आई, राहू दे, माझ्याजवळ राहू दे, तू हात लावू नकोस. तर म्हणाली, "तुझ्याजवळ हाय म्हंजे माझ्याजवळच हाय की. न्हाई. सोड." दार उघडं ठेवायला सांगितलं. मी फरशी बाजूला केली आणि सोडला. लोखंडी पाइपाला लागत, खडकाला लागत तो किती तरी वेळ खाली जात होता, मग आवाज यायचा थांबला. परत आलो तेव्हा तिनं विचारलं, "ग्येली का?" मी म्हटलं, गेली. त्यानंतर ती जेमतेम आठवडाभर होती. सुलाच्या हातून पाणी घ्यायची. माझ्याशी बोलायची, दुकान बंद ठेवू नको म्हणायची. टाकाचं नाव पुन्हा काढलं नाही.

हे असलं की ते होतं, असं तू त्या दिवशी देसनेत समजावून सांगत होतास. मी मागं बसून जोडत होतो. बोअर मारलं म्हणून विहीर आटली, विहीर आटली म्हणून टाक वर आला, टाक वर आला म्हणून तिनं विचारलं, विचारलं म्हणून तू लिहिलंस. सगळं बरोबर जुळतं. तू त्या साखळीत आहेस, तुला दोष द्यायला मला आवडलं असतं. पण तू लांब होतास, तू तुझ्या समजुतीप्रमाणं लिहिलंस, तिचं तोंड तुला दिसत नव्हतं.

मला दिसत होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हाच तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी उशीवर आलं होतं. ते बघून मी दुसऱ्यांदा वाचलं.

धोंडिराम